वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधला ‘पॉझिटिव्ह’ बघून घाबरायचं का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, बाबांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ दुर्बिणीतून काढली. बायोप्सीत हाय ग्रेड, टी१ आलंय आणि खाली केआय-६७ ४० टक्के, पी५३ पॉझिटिव्ह, सीके२० पॉझिटिव्ह असं लिहिलंय. घरात सगळ्यांनी ४० टक्के कॅन्सर पसरला असंच धरलंय. मार्कर इतके वाढलेत म्हणजे हाताबाहेर गेलंय का? आणि पुढे दर वेळी दुर्बीण घालण्यापेक्षा लघवीची टेस्ट करून भागणार नाही का?

उत्तर : ताई, आधी ते ४० टक्क्यांचं डोक्यातून काढून टाका. केआय-६७ म्हणजे तपासलेल्या गाठीतल्या किती पेशी त्या वेळी विभाजनाच्या चक्रात होत्या एवढंच, त्याचा पसरण्याच्या टक्केवारीशी संबंध नाही. आकडा जास्त म्हणजे गाठ जोमाने वाढणारी, पण ते तर हाय ग्रेड या शब्दानेच सांगितलंय.

पी५३ची गंमत उलटी आहे. हे प्रोटीन खरं तर पेशीचा पहारेकरी, पण त्याचा जीन बिघडला की बिघडलेलं प्रोटीन लवकर मोडत नाही, साचत राहतं, म्हणून स्लाइडवर गडद दिसतं. (कधी कधी अजिबातच दिसत नाही, तोही बिघाडच असू शकतो, त्यामुळे निगेटिव्ह आलं की सुटलो असंही नाही.) सीके२० हे दुसरं प्रोटीन, ते पिशवीच्या निरोगी अस्तरात फक्त सगळ्यात वरच्या थरात असतं, खालपर्यंत सगळीकडे दिसलं तर पॅथॉलॉजिस्टला सपाट पसरणाऱ्या कॅन्सरची, म्हणजे सीआयएसची, शंका घ्यायला मदत होते. एकट्या मार्करवर, म्हणजे पेशीतल्या अशा खुणेच्या प्रोटीनवर, उपचार ठरत नाहीत.

माझ्या मते तुम्ही रिपोर्टमध्ये दुसरीच ओळ शोधा, तुकड्यात स्नायू आला होता का, डिट्रुसर मसल असं लिहिलेलं असतं. स्नायू आलाच नसेल तर गाठ स्नायूत शिरली नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टी१ म्हणजे अस्तराखालच्या थरापर्यंत गेलीय, स्नायूपर्यंत नाही. अशा केसमध्ये साधारण २ ते ६ आठवड्यांत परत दुर्बिणीतून त्याच जागेचा तुकडा घेतात, काही राहिलंय का आणि खोलवर गेलंय का ते बघायला, आणि पुढे बहुतेक वेळा बीसीजी, तेच टीबीच्या लसीतले जंतू, थेट पिशवीत सोडतात. दुसऱ्यांदा कशाला असं म्हणून घरचे टाळतात ते मात्र नका करू.

आता लघवीच्या टेस्टचं. एनएमपी२२, बीटीए, फिश (लघवीतल्या पेशींचे क्रोमोसोम बघणारी) अशा टेस्ट आहेत, पण पहिल्या दोन इन्फेक्शन, खडा, लघवीतलं रक्त यानेही पॉझिटिव्ह येऊ शकतात, आणि लहान लो ग्रेड गाठी त्यांच्यातून निसटतात. सायटॉलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघणं, हाय ग्रेड पेशी बऱ्यापैकी पकडते, लो ग्रेडला कमी पडते. म्हणून या टेस्ट दुर्बिणीच्या जोडीला ठीक, बदली म्हणून नाही. बाबांसारख्या केसमध्ये पहिली दोन वर्षं साधारण दर ३ महिन्यांनी दुर्बीण होते, लवचिक दुर्बीण आणि बधिर करणारी जेली असेल तर त्रास बराच कमी होतो, ते आधीच विचारून ठेवा.

आणि कुणी एफजीएफआर३ या जीनची टेस्ट सुचवली तर हे माहीत असू द्या, २०१९ मध्ये अमेरिकेत एर्डाफिटिनिब या औषधाला मंजुरी मिळाली ती त्या जीनमध्ये बदल असलेल्या पुढच्या स्टेजच्या पेशंटसाठी, त्यामुळे आज बाबांना ती टेस्ट कशासाठी हवीय हे डॉक्टरांना सरळ विचारा.