नाव कुणाचं, गल्ला कुणाचा

(छोट्या धंद्यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई पुण्यात लेबलं आणि खोकी छापण्याचा व्यवसाय करत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापूरच्या सुभाषनगरातले. वडील आणि काका चप्पल करतात. प्राडाचं प्रकरण झालं तेव्हा मी वडिलांचा शिवतानाचा व्हिडिओ टाकला आणि तो तुफान चालला. पंधरवडाभर फोन थांबत नव्हता. आता पुन्हा सगळं थंड. गल्लीतल्या पोरांनी मिळून इन्स्टाग्रामवर एकच पान, एकच ब्रँड काढायचं ठरवलंय. काका म्हणतात, गिऱ्हाईक एकाचं आणि चप्पल दुसऱ्याची, भांडणं होणार. काय करू?

उत्तर : काकांचं बरोबर आहे. तरी तुम्ही पान काढाच.

आधी प्राडाचं काय झालं ते नीट बघा, कारण त्यातलं निम्मंच लोकांच्या लक्षात राहिलंय. जून २०२५ मध्ये मिलानला या इटालियन फॅशन कंपनीच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल आली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाली ती मोबाइलवर, तुमच्यासारख्यांनी केलेली. मग कंपनीने महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेला पत्र लिहून भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं असं, की भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंद) ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं. ते नाव कुणाचं? महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, ही दोन चर्मोद्योग महामंडळं. डिसेंबरमध्ये प्राडाने करार केला तोही या दोघांशीच : २,००० जोड, एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो.

तुमच्या व्हिडिओंशिवाय ते पत्र आलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बोलणी करायला खुर्ची मिळाली ती ज्याच्या नावावर कागद होता त्याला.

तेव्हा पहिलं काम कागदाचं. २०१९ मध्ये मिळालेलं हे मानांकन आठ जिल्ह्यांसाठी आहे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मालकी महामंडळांची असली तरी या जिल्ह्यांतला कुठलाही कारागीर स्वतःच्या नावाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करू शकतो. नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे आणि २०२० पासून अर्जाची फी अवघी १० रुपये आहे. फॉर्म किचकट आहे, तो लिडकॉमच्या माणसाकडून भरून घ्या. पण वडिलांची नोंद वेगळी, काकांची वेगळी. पोरांच्या ब्रँडच्या नावावर सगळं घालून मोकळं होऊ नका.

आता भांडणांचं. माझ्या छापखान्यात लोक आधी लेबल छापायला यायचे आणि त्यावर नाव कुणाचं घालायचं याचा वाद माझ्या काउंटरवर घालायचे. भाऊ-भाऊ, सासू-सून, जिवलग मित्र. मी चहा मागवायचे आणि प्रूफ मागे ठेवायचे. म्हणून तुम्हाला सांगते, पान एकच असू द्या, पण प्रत्येक जोडाच्या खोक्यात करणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी हवी. लिडकॉमने क्यूआर कोड सुरू केलेत, ते मिळत असतील तर उत्तमच, पण चिठ्ठी आजपासून घालता येते. चपलेच्या प्रकारांत कापशी कुणाच्या हातची चांगली, पुकरी कुणाच्या, हे गल्लीला माहीत असतं, गिऱ्हाईकाला नसतं. ते कळलं की माणूस दुसऱ्या वेळी नाव घेऊन मागतो. आणि वेणी घालायचं, पट्ट्यांवरच्या नक्षीचं काम घरातल्या बायका करतात ना? मग चिठ्ठीवर त्यांचंही नाव. हे आग्रहाने सांगतेय.

ऑर्डर पाळीने वाटा, आणि पाळीची वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. ज्याने नाव घेऊन मागितलं त्याची ऑर्डर मात्र पाळीबाहेर. तक्रार आली तर जोड करणाऱ्याकडेच परत जाईल. पैसे एका मुलाच्या खाजगी यूपीआयवर कधीही घेऊ नका, तो मुलगा तुम्ही स्वतः असलात तरी. व्हिडिओ काढणाऱ्या पोराला दर जोडामागे ठरावीक रक्कम द्या, नाहीतर चौथ्या महिन्यात तो लग्नाचे व्हिडिओ काढायला निघून जाईल.

आणि ‘थंड’ झाल्याचं दुःख करू नका. झाडपाल्याने कमावलेलं चामडं, हाताची शिवण, खिळा नाही. पंधरवड्यात पाचशे जोड मागणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्ही दिले असते तरी काय? बाहेरून उचलून दिले असते, आणि बोभाटा तुमच्याच नावाने झाला असता.

प्रश्न : मी येवल्यात पैठणी विणतो. नवा पदर रेखाटला, हौसेने फोटो टाकला. दीड महिन्यात तसाच पदर पॉवरलूमवर निघून बाजारात आला. काही करता येईल का?

उत्तर : या पदरासाठी फार नाही, हे आधीच सांगते. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदणीसाठी नक्षी नवी हवी आणि अर्जाआधी कुठेही प्रसिद्ध झालेली नको. तुमचा स्वतःचा फोटोसुद्धा प्रसिद्धीच. पुढच्या वेळी आधी अर्ज, मग फोटो. नोंदणी झाली की १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं.

एक धागा शिल्लक आहे. तुमच्या मूळ रेखाटनावर कॉपीराइट असतो. नोंदणी करण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन तुम्ही, किंवा तुमच्या परवानगीने दुसऱ्याने, औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढलं की तो संपतो. हातमागावर तुम्ही तेवढ्या साड्या अजून काढल्याही नसतील. ग्राफचा मूळ कागद तारखेसकट जपून ठेवा आणि या विषयातल्या वकिलाला दाखवा. गावातल्या ओळखीच्या, जमिनीचे खटले लढवणाऱ्या वकिलाकडे नको.

दुकानदार त्या साडीला ‘सेमी पैठणी’ म्हणत असेल तर गिऱ्हाईक बहुतेक वेळा समजून-उमजूनच घेतं. पण तीच साडी हातमागाची म्हणून विकली जात असेल तर २०१० च्या पैठणीच्या मानांकनाचा आधार घेता येतो. आणि तुमच्या फोटोंबद्दल एक सुचवू? सगळे मोर पुढूनच दाखवतात. तुम्ही पदर उलटा करून दाखवा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ असते, यंत्राच्या साडीमागे सहसा सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. सिल्क मार्कवर विसंबू नका. तो फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो, हाताने विणल्याचं नाही.

प्रश्न : डोंबिवलीत आम्ही काही जणी मिळून फराळ आणि डबे करतो. गिऱ्हाईकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप एका मैत्रिणीने सुरू केला, आता त्यात आठशेवर माणसं आहेत. ती म्हणते ग्रुप माझा, दर ऑर्डरमागे दहा टक्के द्या. आम्हाला हे पटत नाही.

उत्तर : मला अर्धं पटतं. रात्री अकराला ‘चकली भाजणीची आहे का तांदळाची’ याला उत्तर देणं हे काम आहे, आणि तुमच्यापैकी कुणीही ते अंगावर घेतलेलं दिसत नाही. कामाचा मोबदला तिला द्या, दर महिन्याला ठरवून. मालकीचा देऊ नका.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. त्या बायकांनी दोन गोष्टी सुरुवातीलाच धरल्या : देणगी मागायची नाही, आणि लाटणारी प्रत्येक बहीण ही भागीदार, नफ्यात तशी तोट्यातही. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, हिशेब होता.

तुमच्या ग्रुपची खरी अडचण वेगळीच आहे. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. उद्या पलीकडच्या सोसायटीतली कुणी आत शिरली की तुमची यादी तिच्या हातात. शिवाय १,०२४ माणसं झाली की ग्रुप भरला. व्हॉट्सअॅपमध्ये ‘कम्युनिटी’ करा, तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये गिऱ्हाइकांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. धंद्याचं वेगळं सिमकार्ड घ्या, अॅडमिन दोघी-तिघी ठेवा. आणि अन्न सुरक्षेची नोंदणी प्रत्येकीच्या स्वयंपाकघराची वेगळी लागते, एकीच्या नोंदणी क्रमांकावर सगळ्यांची पाकिटं जाऊ देऊ नका. लाडवाला वास आला तर कुणाच्या घरचा, हे पाकिटावरून कळायला हवं. पाकिटावर तारीखही घाला. तारीख विसरलेली लेबलं मी पोत्यांनी रद्दीत घातली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र, पुण्यात. एक लिहितो, एक अॅनिमेशन करतो, मी प्रोग्रॅमर. मुलांसाठी मराठी गोष्टींचं अॅप करतोय, अमेरिकेतल्या मराठी शाळांनाही द्यायचंय. बाणेरला को-वर्किंगमध्ये जागा घ्यावी का?

उत्तर : नको. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी जेवणाचं टेबल असेलच.

भाड्याचे पैसे आधी करारावर घाला. लिहिणाऱ्याची गोष्ट ही त्याची आणि चित्रं ही चित्रकाराची, जोवर सही केलेल्या कागदावर ती तुमच्या भागीदारीला दिलेली नाहीत. आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे न्यू जर्सीच्या मराठी शाळेत तुमचं अॅप गेलं, की त्यातल्या हत्तीवर तुमचा हक्क आहे की नाही यावरच वाद. तेव्हा ‘जगभर’ हा शब्द करारात विसरू नका.

अॅप कुणाच्या मेलवरून नोंदवलंय तेही बघा, आणि मला कळवा.