लोट्याची गाडी सोडू का, शारजाला येऊ का?

भावा, तुझा निरोप दोनदा वाचला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीतून केमिकलचा टँकर चालवतोस, साडेचार वर्षं झाली. पगार २२,००० आणि वर भत्ता. त्यातला अडीच महिन्यांचा पगार थकलाय. कंपनीचे १८ टँकर, पैकी आता ११ फिरतात. शेठ म्हणतात, "गणपती होऊ दे, सगळं चुकतं करतो." आणि मुंबईचा एक एजंट शारजात ट्रेलरवर २,२०० दिरहमची नोकरी लावून देतो म्हणतोय, त्याचे ९०,००० मागतोय. तू विचारलंस, "दादा, थांबू का निघू?"

माझं मत आधी सांगतो, मग कारणं. शेठची गाडी सोडायची वेळ जवळ आलीय असं मलाही वाटतं. पण तिथून थेट विमानात बसू नकोस. आधी चिपळूण, जयगड, महाड, जिथे मिळेल तिथे दुसऱ्या गाडीवर चढ. इकडे यायचं तर पगार सुरू असताना आणि डोक्यावर कर्ज नसताना ये. हे मी अनुभवाने सांगतोय, कारण मी उलटं केलं होतं.

मी २०१६ साली इकडे युएईत ट्रेलरवर आलो. दाभोळ खाडीच्या काठचं आमचं घर, पतपेढीचं कर्ज काढलं, बायकोच्या बांगड्या ठेवल्या, एजंटला १,१०,००० दिले. कंपनी बरी होती. पहिली दोन वर्षं पगार वेळेवर. मग एकेक लागायला लागलं. आधी पगार दहा दिवस उशिरा, मग वीस. मी म्हटलं, होतं असं, धंद्यात वरखाली असतंच. मग यार्डात उभ्या गाड्या वाढल्या, आणि एक दिवस बघितलं तर उभ्या गाड्यांचे टायर काढून आमच्या चालत्या गाड्यांना लावत होते. तेव्हाच निघायला हवं होतं. इथल्या उन्हाळ्यात डांबरावर हात ठेववत नाही, त्यात खडी भरलेल्या ट्रेलरला घासलेला टायर म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

त्यानंतरची एक रात्र मी विसरणार नाही. फुजैराच्या खाणीतून खडी भरून येत होतो. अल धैदच्या पुढे पंपावर गाडी लावली. पंपावरच्या पोराने कंपनीचं डिझेलचं कार्ड घासलं, नाही चाललं. शर्टाला पुसून पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा मशीन माझ्यासमोर धरलं आणि काही बोलला नाही. ऑफिसला फोन केला, "दहा मिनिटांत चालू करतो" म्हणाले. पहाटे चारपर्यंत ती दहा मिनिटं संपली नाहीत. शेवटी खिशातले २०० दिरहम टाकून गाडी यार्डात आणली. ते पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत.

आणि तरी मी पुढे सात महिने थांबलो. का? पतपेढीचा हप्ता. नोकरी सोडली तर व्हिसा जाणार, व्हिसा गेला तर गावी जाऊन कर्ज कशाने फेडू? शेठ मला धरून नव्हता, माझं कर्ज मला धरून होतं. तू ९०,००० उसने काढून आलास तर तुझीही तीच गत होईल. कंपनी चांगली निघाली तर प्रश्न नाही. पण वाईट निघाली तर तुला ती सोडता येणार नाही.

आता तुझ्या गाडीकडे येऊ. पगार थकला एवढ्यावरून कंपनी बुडाली असं मी म्हणणार नाही. केमिकलवाल्यांची बिलं तीन-तीन महिने अडकतात, ट्रान्सपोर्टवाल्याचा जीव त्यात टांगलेला असतो, आणि चांगला मालकसुद्धा पगार मागेपुढे करतो. शेठच्या तोंडाकडे बघून काही कळणार नाही. तो खोटं बोलतो असं नाही, त्याला स्वतःलाच आशा असते. त्यापेक्षा कागद बघ.

पहिलं म्हणजे पीएफ. उमंग ॲपवर पासबुक उघड. प्रत्येक महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. तुझ्या पगारातून कापलेत आणि भरलेले नाहीत, असं दिसलं तर तो गुन्हा आहे आणि धोक्याची घंटाही. मोठमोठ्या कंपन्यांचंही असंच होतं. अमेरिकेत यलो नावाची १९२४ पासूनची ट्रक कंपनी होती, ३०,००० च्या आसपास माणसं. जुलै २०२३ मध्ये तिने कामगारांच्या पेन्शन आणि आरोग्याच्या निधीचे पैसे चुकवले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनी बंद. तिकडेच सेलॅडॉन नावाची दुसरी, डिसेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा किती ड्रायव्हर भर रस्त्यात डिझेल कार्ड बंद पडून अडकले. म्हणजे अल धैदच्या पंपावर जे माझं झालं, ते जगभर असंच होतं.

दुसरं, तुझ्या टँकरचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाक. इन्शुरन्स कधी संपतो, पासिंग कधीपर्यंत आहे, गाडी कुठल्या बँकेकडे तारण आहे, सगळं दिसतं. यात मी एक रेघ मारून देतो, ती ओलांडू नकोस. इन्शुरन्स संपलेली गाडी एक खेपसुद्धा चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ मालकाइतकंच चालवणाऱ्यालाही लागू आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी २,००० दंड किंवा दोन्ही. दंडाचं जाऊ दे. कुंभार्ली घाटात ॲसिडचा टँकर उलटला आणि कुणी मेलं, तर ती भरपाई कुठून येणार? ब्रेक लायनर बदलायला पैसे नाहीत, झिजलेल्या टायरवर पुन्हा पुन्हा नवं रबर चढवतात (रिमोल्ड), असं सुरू झालं असेल तर तिथेही तीच रेघ. पगार मागे-पुढे मिळेल, पण परशुराम घाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही तर पुढचं काही उरत नाही.

तिसरं ॲपवर नाही मिळणार. तुमच्या नेहमीच्या पंपावर, टायरवाल्याकडे आणि गॅरेजमध्ये चहा पी. शेठची उधारी चालू आहे का रोख मागतात, एवढंच विचार. कंपनीत किती जीव उरलाय हे त्यांना बँकेच्या आधी कळतं. उभ्या सात गाड्या का उभ्यात तेही बघ. काम नाही म्हणून उभ्या असतील तर एक, सुट्या भागांसाठी उघडल्या असतील तर दुसरं, आणि हप्ते थकून बँकेने ओढल्या असतील तर मग तुझीही केव्हातरी ओढतील. रस्त्यात वसुलीवाल्यांनी गाडी अडवली तर भांडू नकोस. कागद मागून घे, फोटो काढ, मालाचं चलन दाखव, शेठला आणि माल पाठवणाऱ्या कंपनीला फोन कर. केमिकल भरलेली गाडी आहे, ती कुठेही सोडून जाता येत नाही, हे त्यांनाही सांग.

तू ग्रॅच्युइटीचं लिहिलंस, की ती मिळायला लागणारी पाच वर्षं भरायला सहाच महिने राहिलेत. हिशेब करून बघ. तुझा बेसिक १२,००० धरला तर १२,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे साधारण ३४,६०० रुपये. त्यासाठी आणखी सहा महिने, म्हणजे १,३२,००० चा पगार, थकण्याच्या धोक्यात टाकायचा. पुन्हा ती देणार तोच शेठ. कंपनी रजिस्टर असेल आणि रीतसर दिवाळखोरीत गेली तर पीएफ-ग्रॅच्युइटीला कायद्याने संरक्षण आहे. पण आपल्याकडे बहुतेक मोटार मालक एकट्याच्या नावावर धंदा करतात, तिथे माणूस हात वर करून मोकळा होतो. ३४,००० साठी थांबू नकोस. पीएफ नीट असेल, इन्शुरन्स चालू असेल, तर दसऱ्यापर्यंत थांब. दसरा म्हणजे दसरा, पुढची तारीख घ्यायची नाही.

शेठने आईच्या ऑपरेशनला मदत केली, हे तू दोन ओळींत लिहिलंस, पण मला वाटतं खरा अडकलास तिथे. त्याची जाण ठेवायलाच हवी. समोर जाऊन बस आणि स्पष्ट सांग, "तुमचे आमच्यावर उपकार आहेत, पण माझं घर पगारावर चालतं." थकलेला पगार किती, कुठल्या महिन्यांचा, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागून घे. आणि त्याच दिवशी अनुभवाचा दाखलाही घे. हे फार महत्त्वाचं आहे. परदेशात अवजड गाडीवर यायचं तर हा दाखला आधी मागतात, आणि ऑफिसला कुलूप लागलं की तो द्यायला कुणी उरत नाही. खेपांच्या चलनांचे, ॲडव्हान्सच्या वहीचे, हजेरीचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेव. "सर्व हिशेब मिळाला" अशा व्हाउचरवर पैसे हातात आल्याशिवाय सही करू नकोस, शेठ कितीही भला असला तरी.

तुला काम मिळेल. तुझ्या लायसनवर हजार्डसची, म्हणजे धोकादायक माल वाहायची, नोंद आहे, ती तीन वर्षं चालते, मुदत बघून वेळेत नूतनीकरण कर. अशा ड्रायव्हरला लोट्यात कुणी फार दिवस रिकामं बसू देत नाही.

आता शारजाचं. एजंट ९०,००० मागतो, तिथेच मला शंका आली. भारत सरकारच्या नियमाने नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपास. तू दहावी पास नसशील तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो, मग युएईत कामाला जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे भारत सरकारची मंजुरी, लागते. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलू" असं म्हणाला तर त्याच क्षणी उठून ये. प्रवासी भारतीय विमा मात्र काढच, दोन वर्षांचे २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख.

२,२०० दिरहम म्हणजे पन्नास हजारांहून जास्त रुपये, असा हिशेब तू केला असशील. ऑफर लेटरमध्ये त्यातला बेसिक किती ते बघ. बेसिक ८०० आणि बाकी ट्रिप अलाउन्स असेल तर गाडी उभी राहिली की हातात ८०० च. इथली ग्रॅच्युइटीही बेसिकवरच मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची. सरकारी नमुन्याचं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागून घे, इंग्रजीवर नुसती सही नको. आणखी एक, आपलं लायसन इथे चालत नाही. नवीन शिकून परीक्षा द्यावी लागते. डाव्या बाजूला बसून उजव्या बाजूने चालवायचं, आणि गोल चौकात हमखास चूक होते. मी दोनदा नापास झालो, चार महिने गेले, तोवर ट्रिप नाही, अलाउन्स नाही. लायसनचा खर्च कोण करतो आणि पगारातून कापतात का, हे लेखी घे.

कंपनी इथे बुडाली तर काय, हेही विचारलंस. तिकडच्यापेक्षा एका बाबतीत बरं आहे: पगार वेतन संरक्षण प्रणालीतून बँकेत जमा व्हायला लागतो, थकला की मंत्रालयाला दिसतं. तक्रार मोहरे म्हणतात त्या कामगार मंत्रालयात करायची, वकील लागत नाही. २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतचे दावे तेच निकालात काढतात. माझ्या वेळी कोर्टात जावं लागलं. माझे ९,४०० दिरहम थकले होते, पाच महिन्यांनी ६,००० मिळाले. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं बेकायदा आहे, तो देऊ नकोस. दुबईत भारतीयांसाठी मदत केंद्र आहे, ८०० ४६३४२, फोन फुकट, हिंदीत बोलतात. नंबर आत्ताच लिहून ठेव.

पण या सगळ्यातून जाताना आपण खोलीत सहा जणांत झोपलेलो असतो, घरी "सगळं ठीक आहे" सांगत असतो, आणि गणपतीला फोनवर आरती ऐकत असतो. घर चार हजार किलोमीटरवर नाही, पण जाता येत नाही म्हटल्यावर अंतराला काय अर्थ. लोट्यात पगार थकला तरी तू रात्री आईच्या हातचं जेवतोस.

तू यायचं नाही असं मी म्हणत नाही. ती कंपनी सुटल्यावर दुसरीत लागलो, इथेच राहिलो, कर्ज फेडलं, घराला स्लॅब टाकला, मुलगी रत्नागिरीत शिकतेय. नीट आलास तर तुझंही होईल. या रविवारी पीएफचं पासबुक आणि एम-परिवहनचा स्क्रीनशॉट पाठव, दोघे मिळून बघू. एजंटचं ऑफर लेटर आलं की एक रुपयाही द्यायच्या आधी त्याचा फोटो पाठव, त्यावरची कंपनी खरी आहे का आणि तिच्या यार्डात किती गाड्या उभ्या आहेत, ते मी इथे जाऊन बघून येतो.