'खानदेश'च छापा, आणि 'अहिराणी'कडे वळा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळाच्या पत्रिकेवर 'खानदेश गौरव सोहळा' छापायचं ठरलं होतं. काही सदस्य म्हणतात, मूळ शब्द 'कान्हदेश' आहे, तोच छापा. बरोबर काय?"

'खानदेश' छापा. जोडाक्षराचं 'खान्देश'ही चालेल, तिकडची मंडळी सर्रास तसं लिहितात. 'कान्हदेश' मात्र नको. गेली काही वर्षं जिथे-तिथे हा शब्द कानावर येतो, आणि दर वेळी 'हेच मूळ, बाकी सगळा अपभ्रंश' अशा थाटात येतो. त्याला आधार विचारला की तीच उत्तरं मिळतात: कान्हा म्हणजे श्रीकृष्ण, कन्हर नावाचा यादव राजा, नाहीतर कानबाई.

एकेक पाहू. कन्हर, म्हणजे कृष्ण यादव, तेराव्या शतकाच्या मध्यावर देवगिरीला राज्य करत होता, यात वाद नाही. पण यादवांच्या काळात या बाजूच्या मुलखाचं जे नाव सापडतं ते 'सेऊणदेश', सेऊणचंद्र या यादव राजावरून पडलेलं. 'कान्हदेश' असं नाव कोरलेला त्या काळातला एक लेख पुढे ठेवा, मी आजच मत बदलतो. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख शके ११२८चा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा तो लेख. शेवटी तर चक्क मराठीत बोलतो, 'इयां पाटणीं जें केणें उघटे' म्हणून बाजारातल्या मालावरच्या देणग्या सांगतो. खानदेशाचा अभिमान मिरवायचा तर हा लेख मिरवा की! कान्हा उसना कशाला आणायचा?

कानबाईचं म्हणाल तर ती देवी आहे, आणि तिला कुणाच्या नावाचा टेकू लागत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने लावून चौरंगावर बसवतात, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. सुरत-पुण्याला गेलेला माणूस त्यासाठी गावी परततो. तिच्या नावातला 'कान' हा कान्हाच, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि केलं तरी त्यातून प्रांताचं नाव निघत नाही.

उलट 'खान'चा माग सरळ लागतो. फारुकी घराण्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठच्या थाळनेरला बस्तान बसवलं. मलिक राजाचा मुलगा नसीर, त्याला गुजरातच्या सुलतान अहमदशहाकडून 'खान' किताब मिळाला. त्यानेच बुऱ्हाणपूर वसवलं. खानाचा देश तो खानदेश. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि मुलगा दानियाल याच्या नावाने सुभ्याला 'दांदेश' म्हणायला लावलं. टिकलं का? बादशहाच्या हुकमालाही लोकांनी दाद दिली नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे केले. आज नकाशावर जळगाव, धुळे, नंदुरबार आहेत, खानदेश नावाचा जिल्हाच नाही. तरी माणूस 'मी खानदेशचा' असंच सांगतो. इतकं चिवट नाव दुरुस्त करायला निघणं हाच मला त्या मातीचा अपमान वाटतो. 'खान' खटकतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की हा मध्य आशियातला राजपदाचा किताब आहे. चंगीझखान कुठे मुसलमान होता?

आता 'कान्ह'चं 'खान' उच्चारशास्त्राने होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि हे कान्हदेशवाल्यांनी कधी मांडलं नाही म्हणून मीच मांडतो. मराठीत 'ह' जागा बदलतो. 'गृह'मधला ह पुढे सरकून ग ला चिकटला आणि 'घर' झालं. तसाच 'कान्ह'मधला ह क ला चिकटला तर 'खान'. युक्तिवाद देखणा आहे. पण तो करताना ज्यांच्या तोंडी हा शब्द असणार, त्यांची बोली ऐका. अहिराणीत माझा म्हणजे 'मन्हा', तुझा म्हणजे 'तुन्हा'. 'मन्ही माय', 'तुन्हा भाऊ'. जिच्यात दिवसभर न्ह घुमतो, त्या बोलीने नेमका आपल्या देशाच्या नावातला न्ह गमावला, हे मला पटत नाही.

आणि अभिमानच मिरवायचा, तर खरा खजिना आहे 'अहिराणी' या शब्दात. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या महाप्राणाचा, म्हणजे ध-भ अशा ह मिसळलेल्या व्यंजनाचा, प्राकृतात ह उरतो: दधिचं दही, बधिरचा बहिरा, गभीरचा गहिरा, आणि आभीरचा अहीर. हे आभीर कोण? नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या शतकातला लेख आहे, आभीर शिवदत्ताचा मुलगा राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतला. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव ठेवली, तिच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळावं म्हणून. फारुकींच्या हजारभर वर्षं आधी! अशीरगडाचं नावही फरिश्ता हा इतिहासकार आसा अहीर नावाच्या गुराढोरांच्या धन्यावरून सांगतो. बायकामाणसांना आसरा दे म्हणून नसीरखानाने डोल्या पाठवल्या, आत निघाले सैनिक, आणि आसाचा गड गेला, अशी त्याची कथा.

'अहिराणी' म्हणजे 'अहिर-वाणी', असं बरेच अभ्यासक लिहितात. मला ते मुळीच मान्य नाही. आकाशवाणी, देववाणी यांत व शाबूत राहतो, तो इथेच का गळावा? माझं म्हणणं वेगळं आहे. अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय चा-ची-चे नाही, ना-नी-नं आहे: 'रामना बैल', 'रामनी गाय'. मग अहिरांची बोली त्याच बोलीत कशी म्हणाल? 'अहिरानी बोली'! 'बोली' गळून गेली, 'अहिरानी' उरलं. ण कुठून आला म्हणाल, तर तो लिहिणाऱ्यांनी घातला. खेड्यातला म्हातारा पाण्याला 'पानी' म्हणतो, कोणला 'कोन' म्हणतो, आणि आपल्या बोलीला अजूनही 'अहिरानी'च म्हणतो. ग्रियर्सन या इंग्रजी अमदानीतल्या भाषाभ्यासकाने भारताच्या भाषा-सर्वेक्षणात या बोलीला मराठीच्या खंडात जागा दिली नाही, भिल्ली बोलींशेजारी बसवलं. आमच्या पंडितांनी तिला अशुद्ध मराठी ठरवलं. दोघांनीही तो प्रत्यय नीट ऐकायला हवा होता. बोलीचं नाव तिच्याच व्याकरणातून आलं असेल, तर तिला दुसऱ्या कुणाची मोडकी आवृत्ती म्हणायचं कोणत्या तोंडाने?