पुण्याची एम. ए. पदवी आणि कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमध्ये इंग्रजीचे अध्यापन

पुणे विद्यापीठाची इंग्रजी साहित्यातील एम. ए. पदवी, तेथील कनिष्ठ महाविद्यालयातील नऊ वर्षांचा अनुभव आणि अमेरिकेत काम करण्याचा परवाना एवढ्या बळावर सॅन होजेच्या परिसरातील कम्युनिटी कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवता येईल का, आणि आपले भारतीय उच्चार त्याच्या आड येतील का, असे आपण विचारले आहे. मी गेली सोळा वर्षे याच भागात हे काम करते आहे. त्यांतील पहिली दहा वर्षे मी अर्धवेळ शिक्षिका होते. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अनुकूल आहे, परंतु हे काम आपण समजता त्यापेक्षा बरेच वेगळे आहे आणि ते आधी नीट समजून घ्यावे.

प्रथम नावाविषयी. मराठी कानाला ‘कम्युनिटी’ म्हटले की एखाद्या समाजाने चालवलेली संस्था वाटते, आणि ‘ज्युनियर कॉलेज’ हे जुने अमेरिकन नाव ऐकले की अकरावी-बारावी आठवते. इलिनॉयमधील जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झाले, तेव्हापासून या सार्वजनिक संस्थांचे मुख्य काम पदवीची पहिली दोन वर्षे कमी खर्चात शिकवणे हे राहिले आहे. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजे आहेत. प्रवेशासाठी गुणांची अट नसते. त्यामुळे एकाच वर्गात नुकतेच शाळेतून आलेले मूल, रात्रपाळी करून आलेली परिचारिका-सहायक, सैन्यातून परतलेला तरुण आणि मुले मोठी झाल्यावर शिक्षणाकडे वळलेली आई असे सारे एकत्र बसतात.

पात्रतेपुरते बोलायचे तर इंग्रजी, साहित्य, तौलनिक साहित्य किंवा कॉम्पोझिशन (निबंधलेखन) यांपैकी एका विषयातील मास्टर्स पदवी पुरते. नेट-सेटसारखी परीक्षा येथे नाही आणि पीएच. डी. सक्तीची नाही. आपली पदवी परदेशी असल्यामुळे तिचे मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे लागेल. त्यासाठी गुणपत्रके विद्यापीठाकडूनच यावी लागतात, म्हणून पुण्यातील एखाद्या नातेवाइकाला आजच त्या कामाला लावा. इंग्रजी ही ज्यांची दुसरी भाषा आहे त्यांना ती शिकवणारा विभाग वेगळा असतो आणि त्याची पात्रताही वेगळी असते. आपल्या पदवीचा उपयोग इंग्रजी विभागात होईल.

त्या विभागात आपण शिकवाल ते मात्र शेक्सपिअर किंवा हार्डी नव्हे. साहित्याचे अभ्यासक्रम थोडे असतात आणि ते बहुधा पूर्णवेळ शिक्षकांकडे जातात. अर्धवेळ शिक्षकाच्या वाट्याला येतो तो पहिल्या वर्षाचा लेखनाचा अभ्यासक्रम, ज्याला २०२५ पासून कॅलिफोर्नियाभर ‘ईएनजीएल सी१०००’ हा समान क्रमांक मिळाला आहे. दिलेला मजकूर वाचणे, स्वतःचा दावा मांडणे, त्याला पुरावे देणे, आधार नोंदवणे आणि त्याच निबंधाचा मसुदा दोन-तीनदा नव्याने लिहिणे हे त्याचे स्वरूप. ‘खालीलपैकी कोणत्याही दोन प्रश्नांची उत्तरे लिहा’ या पद्धतीत घडलेल्या आपल्यासारख्यांना येथे स्वतःची सवय मोडावी लागते, कारण वर्गातला मुख्य मजकूर विद्यार्थ्याने लिहिलेला असतो आणि त्याची मार्गदर्शिका बाजारात मिळत नाही.

माझ्या पहिल्या सत्रात मी प्रत्येक निबंधातील प्रत्येक चूक लाल शाईने सुधारत असे. रुग्णालयाच्या धुलाई विभागात काम करणाऱ्या चाळिशीतील एका विद्यार्थिनीने असा लाल झालेला कागद न वाचताच घडी करून पिशवीत ठेवला, ते मी पाहिले. विभागातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला सुचवले की एका निबंधात एकाच प्रकारची चूक दाखवावी आणि समासात मुद्द्याविषयी दोन खरे प्रश्न विचारावेत, ज्यांची उत्तरे आपल्याला ठाऊक नाहीत असे. पुढच्या मसुद्यात त्या विद्यार्थिनीने माझ्या दोन प्रश्नांना उत्तर म्हणून दीड पान लिहून आणले. तिचे व्याकरण सुधारायला आणखी एक सत्र लागले, पण सांगण्यासारखे बरेच काही आपल्याजवळ आहे हे तिला त्या दिवशी कळले.

हे कौशल्य आता पूर्वीपेक्षा जास्त लागते. पूर्वी कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचे हे ठरवणाऱ्या चाचणीत कमी पडलेल्यांना पदवीच्या श्रेयांकात न धरल्या जाणाऱ्या पूर्वतयारीच्या एक-दोन, कधी तीन वर्गांतून जावे लागे, आणि त्या पायऱ्यांवरच अनेकांचे शिक्षण सुटत असे. २०१७ च्या ‘एबी ७०५’ कायद्याने शाळेतील गुण पाहून बहुतेकांना थेट पदवीस्तरीय वर्गात घेण्याची दिशा दिली. मला हा बदल योग्य वाटतो. पण कच्च्या तयारीचे आणि पक्क्या तयारीचे विद्यार्थी एकाच वर्गात सांभाळण्याचा भार शिक्षकावरच आला आहे, हे खरे आहे.

उच्चारांची काळजी सोडा. या परिसरातील कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी स्पॅनिश, व्हिएतनामी, टागालोग किंवा मँडरिन बोलली जाते. मला अडचण आली ती शब्दांची. ‘एनी डाउट्स?’ असे मी वारंवार विचारी. येथे डाउट म्हणजे शंका नव्हे, अविश्वास, आणि एका मुलाला मी त्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेते आहे असे वाटले होते. बोलण्याचा वेग थोडा कमी करा आणि आपल्याकडचे असे शब्द ओळखून ठेवा, एवढे पुरते.

आता नोकरीच्या अटी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची स्थिती आपण पाहिली असेलच. येथील अर्धवेळ शिक्षकांचे जीवन त्याच्याशी पुष्कळ जुळते. ७५ टक्के अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांकडून व्हावे, असे उद्दिष्ट १९८८ च्या कायद्यात आहे आणि राज्यभराचा विचार करता ते आजही गाठलेले नाही. अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातील एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत, पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच वर्ग देता येतात. लेखनाचा वर्ग बहुधा चार युनिटांचा (श्रेयांकांचा) असेल, तर याचा अर्थ दोनच वर्ग. म्हणून पोट भरण्यासाठी दोन-तीन डिस्ट्रिक्टांत धावावे लागते, आणि अशा शिक्षकांना येथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. मी सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या गावी शिकवले आहे आणि निबंधांचे गठ्ठे गाडीच्या मागच्या आसनावर वाहिले आहेत. चार वर्ग, प्रत्येकी २७ विद्यार्थी, प्रत्येकाचे चार निबंध आणि एका निबंधाला पंधरा मिनिटे धरली, तर एका सत्रात १०८ तास केवळ तपासणीचे होतात. ते तास वर्गाच्या तासांच्या मानधनातच मोजले जातात. शिवाय नोंदणी कमी झाली तर सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात वर्ग रद्द होतो.

दोन गोष्टी अवश्य लक्षात ठेवा. १९८९ च्या ‘सर्व्हिसी’ खटल्याच्या निकालामुळे, ज्यांच्या पुढच्या सत्रातील वर्गांची खात्री नाही अशा अर्धवेळ शिक्षकांना सुट्टीच्या काळात बेरोजगार भत्ता मागता येतो. तसेच २०२२ मध्ये राज्याने अर्धवेळ शिक्षकांच्या आरोग्यविम्यासाठी २० कोटी डॉलरची वाढीव तरतूद केली, पण तिचा लाभ प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या करारावर अवलंबून असतो. रुजू होताच शिक्षक संघटनेकडे दोन्हींविषयी चौकशी करा.

नातेवाईक याला दुय्यम काम म्हणतील. माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांच्या पत्नी जिल बायडन व्हाइट हाउसमध्ये राहत असतानाही नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजमध्ये हेच इंग्रजी लेखन शिकवत होत्या, एवढे त्यांना सांगता येईल.

अर्धवेळ जागांसाठी अर्ज वर्षभर घेतले जातात. मुलाखतीत बहुधा विद्यार्थ्याचा एक निबंध समोर ठेवून ‘यावर काय लिहाल?’ असे विचारतात. त्याची तयारी कवितेवरील व्याख्यानाच्या तयारीपेक्षा आधी करा. मूल्यांकनाचा अहवाल येईपर्यंत जवळच्या कॉलेजच्या लेखन केंद्रात ट्यूटर म्हणून काम मिळते का, ते पाहा. मी एक सत्र तेथे विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून त्यांचे मसुदे वाचले होते, आणि माझा पहिला वर्ग त्याच कॉलेजने ऑगस्टमध्ये, सत्र सुरू व्हायला नऊ दिवस उरले असताना, फोन करून दिला.