बीचवर सायकल चालवायची तर आधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय की भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून चार दिवस अलिबागजवळच्या नागावला जाताय, सोबत दहा वर्षांची मुलगी आहे, तर बीचवर सायकल चालवणं सेफ आहे का आणि मजा येईल का. दोन्हीचं उत्तर हो, पण दिवसातले ठराविक दोन-अडीच तासच, आणि ते कुठले हे समुद्र ठरवतो. मी मुंबईत राहते, सुट्टी मिळाली की सायकल घेऊन त्याच बाजूला जाते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. भरतीला नागावला पाणी पार वर येतं आणि उरते ती सुरूच्या बनाजवळची भुसभुशीत कोरडी वाळू, तिच्यात चाक रुततं, मुलं दहा मिनिटांत रडकुंडीला येतात आणि मग सगळे म्हणतात बीचवर सायकल चालतच नाही. ओहोटीला मात्र पाणी मागे गेलं की मागे जी ओली वाळू राहते ती मस्त कडक असते, डांबरी रस्त्यासारखी, तिच्यावर चालवायची.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे ओहोटी. आता तुमचेच दिवस बघा. भाऊबीज म्हणजे द्वितीया, म्हणून तुमचा पहिला दिवस तृतीया धरू, तीन त्रिक नऊ भागिले चार म्हणजे सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास पाणी सगळ्यात मागे. चतुर्थीला नऊ, पंचमीला पावणेदहा, षष्ठीला साडेदहा, रोज पाऊण तास पुढे सरकत जातं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच आणि कधी तिथीचा क्षय असतो, म्हणून कालनिर्णय बघा आणि आदल्या संध्याकाळी तिथल्या कोळ्यांना किंवा घरगुती राहायची सोय करणाऱ्या काका-काकूंना विचारून खात्री करा. माझ्या मते पहिले दोन दिवस तुमच्यासाठी एकदम बेस्ट, सात-सव्वासातला उतरायचं, साडेनवाला बाहेर. तिसऱ्या दिवशीही जमेल पण ऊन लागेल. संध्याकाळच्या भरवशावर मात्र राहू नका, त्या दिवसांत दुपारी भरती असते आणि वाळू नीट मोकळी होईपर्यंत अंधार पडतो.

निघताना आधी उत्तरेला आक्षीच्या बाजूने जा, तिकडे गर्दी कमी असते, पक्षी पण दिसतात. आणि ऊन चढलं की समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो, तो येताना पाठीमागून मिळतो, दमलेल्या मुलीला याचा खूप फायदा होतो. आक्षीच्या टोकाला खाडी लागते, तिथून मागे फिरायचं. पाणी उथळ दिसलं तरी खाडीच्या तोंडाशी सायकल घालू नका, चिखल असतो आणि भरती लागली की पाणी पटकन वाढतं.

आता चालवायचं कसं. टायरमधली हवा थोडी कमी करा, अंगठ्याने दाबल्यावर जरा आत जाईल इतकी, आणि छोटा पंप जवळ ठेवा कारण रस्त्यावर यायच्या आधी परत भरायला लागते. वाळूत पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, हँडल झटकन वळवायचं नाही, मोठा वळसा घेऊन वळायचं, हे मुलीला पहिल्या पाच मिनिटांत शिकवा. हलका गिअर, पाय सतत फिरते. मऊ वाळू आली तर सरळ उतरून ढकला. पायात बूट हवेत, चपला नकोत, कारण खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, शिवाय फुटक्या बाटल्या आणि होड्यांचे ताणलेले दोर लांबून दिसतच नाहीत. हेल्मेट बीचवरही घालायचंच. घोडे दिसले की लांबून जा आणि घंटी वाजवू नका, बिचकतात. आणि वॉटर स्पोर्ट्सचे स्टॉल नि त्या चारचाकी बाईक जिथे फिरतात तो पट्टा मुलीला घेऊन सायकलवर अजिबात करू नका, तिथे उतरून चालत जा, यात मी कुणाचं ऐकणार नाही.

सायकल भाड्याने घेणार असाल तर दोन्ही ब्रेक, चेन आणि सीटची उंची तिथेच चालवून बघा, मुलीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. स्वतःची न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, साधारण तासाभरात पोचते, सायकल त्यातून नेता येते. मांडवा ते अलिबाग रस्ता मात्र सुट्टीत गाड्यांनी भरलेला असतो, मिनीडोर रिक्षा कुठेही थांबतात, मुलीला तिथे सायकलवर नेऊ नका, सायकली गाडीत टाकून न्या.

चौथ्या दिवशी बीच सोडा, सकाळी लवकर गावातून नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून चौलपर्यंत जा, रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी बघा, सावली असते आणि मुलांना फार आवडतं. अलिबागहून नागावला जाता-येता आक्षीचा शिलालेख पण बघता येईल, शके 934 चा मानतात. पाणी भरपूर ठेवा, ऊन वाढलं की शहाळं किंवा कोकम सरबत.

आणि सायकल लाटांच्या पाण्यात घालायची नाही म्हणजे नाही, फोटोसाठी पण नाही. खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की गंज धरतो आणि वाळूने चेन झिजते. रोज परत आलात की बादलीभर गोड्या पाण्याने हळू धुवा, प्रेशरचा पाइप मारू नका, फडक्याने कोरडी करा आणि चेनला तेल द्या, मग नाश्ता.