चिपवाला म्हणतो "काढून टाकली की कंपनीला कळत नाही": जालन्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायलोय. तुम्ही लिहिलंय की गाडी २०२२ ची १.५ डिझेल, बीएस ६, एक्स्टेंडेड वॉरंटी अजून चालू, मांजरसुंब्याच्या घाटात पाच माणसं आणि एसी लावला की दम निघतो, ॲव्हरेज पण पहिल्यासारखं राहिलं नाही. आणि चिपवाला, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देतो म्हणणारा, तीन गोष्टी दाखवायला: हजाराच्या आतली ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटमधे) घुसवायची डबी, चौदा हजाराचा ट्युनिंग बॉक्स, आणि पंचवीस हजारात रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरच बदलणं. वर म्हणायला की बॉक्स सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवायचा, कंपनीला कळतच नाही. हे शेवटचं वाक्य मला पण असंच्या असं ऐकवलं होतं, त्यावरच जास्त लिहिणार आहे, बाकीचं पटापट उरकतो.

आधीच सांगतो, मी काही मेकॅनिक नाही, परभणीत राहतो, डिझेल गाड्या वापरतो आणि स्वतः खटपट करत बसायची सवय आहे. प्रत्येक गाडी वेगळी, तुमच्या गाडीला तेच होईल असं काही नाही. फिल्टर, ऑइल, टायरची हवा हे तुम्ही बघितलं असेलच असं धरून चालतो.

हजारवाली डबी घेऊच नका. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. असली डबी लोकांनी फोडून बघितलीय, आत लाइट लुकलुकवणारी एक बारकी चिप असते आणि गाडीच्या कॅन लाइनशी (गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायर) बोलायला जो ट्रान्सीव्हर लागतो तो बसवलेलाच नसतो. म्हणजे ती ईसीयूला, इंजिनच्या कॉम्प्युटरला, काही सांगूच शकत नाही, मग दीडशे किलोमीटर चालवल्यावर "गाडी तुमची ड्रायव्हिंग शिकली" हे कुठून आलं. अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, असली पेट्रोल वाचवणारी शंभरावर यंत्रं आतापर्यंत तपासलीत, ॲव्हरेज ठळक वाढवणारं एकही निघालं नाही. आमच्या चुलतभावानं वॅगनआरला लावलीय आणि शपथेवर सांगतो की दोन किलोमीटर वाढले. वाढले असतील, डबी लावल्यापासून तो ॲक्सिलरेटर जपून दाबतो.

बॉक्सचं तसं नाही, तो खरंच काम करतो, म्हणून तर घोळ होतो. तुमच्या इंजिनात डिझेल एका कॉमन रेलमधून इंजेक्टरला जातं, त्या रेलवर प्रेशर सेन्सर असतो. बॉक्स त्या सेन्सरच्या आणि ईसीयूच्या मधे बसतो आणि खोटं सांगतो. समजा रेलमधे १६०० बार आहे, तर हा १४५० दाखवणार. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडलं, तो वाढवतो, तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं, गाडी ओढते. पहिल्या दिवशी लई भारी वाटतं, हे मी नाकारत नाही. पण ईसीयूचे स्वतःचे जे हिशोब आहेत, किती हवेला किती डिझेल, धूर किती होऊ द्यायचा, गिअरबॉक्सला टॉर्क किती झेपतो, ते सगळे त्या खोट्या आकड्यावर चालायला लागतात. रिमॅप त्या मानानं सरळ काम आहे, तिथं सेन्सरला फसवत नाहीत, ईसीयूतला मॅपच, म्हणजे किती डिझेल कधी सोडायचं याची फाइलच, बदलतात. चांगल्या हाताचा रिमॅप आणि बॉक्स यात मला विचाराल तर रिमॅप कधीही बरा. पण टर्बो डिझेललाच. साध्या पेट्रोल इंजिनला, ज्याला टर्बो नाही, त्याला फाइल बदलून मिळणारा फरक घाटात जाणवेल इतका नसतो, तिथं पैसे घालवू नका.

आता ॲव्हरेजचं. तुमची बीएस ६ आहे म्हणजे डीपीएफ आहे, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. जास्त डिझेल गेलं की काजळी जास्त, काजळी जास्त की डीपीएफ लवकर भरणार, आणि तो साफ करायला गाडी जास्तीचं डिझेल जाळून रीजन करणार, म्हणजे आतली काजळी जाळून टाकणार, ते पुन्हा पुन्हा. त्यामुळं ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही एकाच बॉक्सनं वाढणार असं जो बीएस ६ डिझेलवाल्याला सांगतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. जुन्या गाड्यांवर हलक्या पायानं चालवलं तर थोडा फरक पडायचा, कारण वरच्या गिअरमधे कमी आरपीएमला गाडी ओढायची. पण ताकद आली की माणूस ती वापरतोच. आणि कुणी डीपीएफ काढूनच टाकू म्हणालं तर तिथनं उठा. गावाकडं हे सर्रास करायलेत, मागं चालणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर सगळी काजळी जाते, लेकरं शाळेतून येत असतात त्याच रस्त्यानं. मला याचा खरंच राग येतो.

बरं, मुद्द्याचं. माझ्या आधीच्या गाडीला असाच बॉक्स होता. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि मूळ गोष्ट राहून जाते. बॉक्स काढून बरेच महिने झाले होते, गाडी एकदम मूळ स्थितीत होती. मग एक दिवस पॉवर स्टिअरिंग जड झालं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. पॉवर स्टिअरिंग म्हणजे इलेक्ट्रिक मोटार, वेगळं युनिट, इंजिनच्या रेल प्रेशरशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाडी वॉरंटीत, शिवाय एक्स्टेंडेडचे पैसे वेगळे भरलेले. निर्धास्त सोडून आलो.

संध्याकाळी फोन आला की साहेब, रेल सेन्सरच्या कनेक्टरवर टेपच्या खुणा आहेत, क्लिप बदललेली दिसते, गाडीला बाहेरचं फिटिंग झालेलं आहे, वॉरंटी बसत नाही. मी म्हणालो ठीक आहे, इंजेक्टर गेला असता, टर्बो गेला असता तर तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असतं, पण स्टिअरिंगची मोटार आणि त्या टेपचा संबंध काय ते मला लिहून द्या. लिहून देईनात. ॲडव्हायझर म्हणे मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणे आमच्या हातात नाही, एरिया ऑफिसला मेल टाका. मेल टाकला तर तक्रार नंबर आला आणि थोड्या दिवसांनी "तुमच्या समाधानासह तक्रार बंद करण्यात आली" असा मेसेज. कुणाचं समाधान झालं ते मला अजून कळलेलं नाही. पुन्हा मेल, पुन्हा नवीन नंबर, पुन्हा बंद.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र दुसऱ्याच गोष्टीनं केलं. गाडी सोडताना जॉब कार्डवर मी सही केली तेव्हा त्यावर फक्त "स्टिअरिंग जड, दिवा लागतो" एवढंच होतं, माझ्याकडच्या कॉपीत आजही तेवढंच आहे. त्यांच्या कॉपीत माझ्या सहीच्या वर नंतर एक ओळ आली: "बाहेरील इलेक्ट्रिकल फिटिंग आढळले, ग्राहकास कल्पना दिली." ती ओळ तशीच त्यांच्या सिस्टीममधे चेसिस नंबरवर चढली. मग लातूरला गेलो, संभाजीनगरला गेलो, जिथं जाईल तिथं स्क्रीनवर आधी तेच दिसायचं आणि समोरच्याचा आवाज बदलायचा. एक्स्टेंडेड वॉरंटी त्या एका ओळीनं संपली. स्टिअरिंगचा खर्च माझ्या खिशातून गेला, आणि गाडी विकताना गिऱ्हाईकानं सर्व्हिस हिस्टरी मागितली तिथं भाव पाडला तो वेगळाच. शेवटी ग्राहक हेल्पलाइनला तक्रार गेल्यावर सेंटरचा फोन आला की लेबर माफ करतो, पण आधी "माझी कसलीही तक्रार नाही" असं लिहून द्या. नाही दिलं. पैशापेक्षा मला त्या ओळीचा राग होता आणि आहे. ज्या माणसानं कोरी जागा बघून ती लिहिली त्याला माहीत होतं की गिऱ्हाईक परभणीहून दरवेळी भांडायला येणार नाही.

म्हणून भाऊ, चिप लावा नाहीतर नका लावू, पण वॉरंटीतल्या गाडीचं एवढं करा. जॉब कार्डवर सही केली की सही झालेल्या त्यांच्या कॉपीचा फोटो तिथंच काढा, आपल्या कॉपीचा नाही, त्यांच्या. मोकळी जागा असेल तर आडवी रेघ मारा. वॉरंटी नाकारली तर तोंडी ऐकून घरी येऊ नका, कोणत्या फिटिंगमुळं कोणता पार्ट कसा गेला हे लेखी मागा, नाही दिलं तर "मागितलं, दिलं नाही" असा मेल त्याच दिवशी टाका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, फुकट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्याला घेतली असली तरी जालन्यात, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, मेल-मेल खेळण्यात ती घालवू नका. मी वकील नाही, मोठं प्रकरण असेल तर वकिलाला दाखवा.

"काढून टाकली की कळत नाही" याचं उत्तर तुम्हाला यात मिळालंच असेल. बॉक्स काढला तरी कनेक्टरवर खुणा राहतात, ईसीयूच्या मेमरीत जुने एरर कोड सापडू शकतात, आणि रिमॅपचं तर बऱ्याच ईसीयूत किती वेळा फाइल लिहिली याची नोंद राहते, मूळ फाइल परत टाकली तरी. कायद्याचं पण लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला बंदी आहे आणि २०१९ पासून कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर ट्युनिंगसाठी कुणाला अडवताना मी तरी पाहिलं नाही, पण अपघात झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला की सर्व्हिस हिस्टरीचे हेच कागद बाहेर निघतात.

माझं स्पष्ट मत विचारलंय म्हणून सांगतो: वॉरंटी आहे तोवर बॉक्स नाही, रिमॅप नाही. वॉरंटी संपल्यावर घाटाचा त्रास असह्य असेलच तर फक्त रिमॅप, आणि तो पण मूळ फाइल पेनड्राइव्हवर तुमच्या हातात देणाऱ्याकडूनच. फाइल आमच्याकडं सेफ आहे म्हणणाऱ्याकडं नाही, उद्या दुकान बंद झालं तर कुणाकडं जाणार. त्याला हे पण सांगा की गाडी मे महिन्यात परभणी-जालन्यात चालणार आहे. पुण्यात सकाळच्या गारव्यात केलेली फाइल आणि आपल्याकडचं ४४ डिग्रीचं ऊन यात फरक आहे, इंटरकूलरला (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा रेडिएटर) थंड हवाच मिळत नाही, एक्झॉस्टचं तापमान चढतं. जो या प्रश्नावर हसेल त्याच्याकडं गाडी देऊ नका. आणि क्लचचे पैसे बाजूला काढून ठेवा, टॉर्क वाढला की पहिला तोच जातो. एक उदाहरण देतो. स्विफ्टमधलं जुनं १.३ डिझेल ७५ पीएसचं आणि अर्टिगा-एसएक्स४ मधलं तेच १.३ हे ९० पीएसचं. कंपनीनं ते १५ पीएस नुसती फाइल बदलून नाही काढले, टर्बोच वेगळा दिला, व्हेरिएबल जिऑमेट्रीचा, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणं कोन बदलणारा. फाइलनं सगळं फुकटात होत असतं तर टर्बोवर कंपनीनं कशाला खर्च केला असता.

पण मला मुळात वाटतंय की तुमच्या गाडीला काहीतरी झालंय. १.५ टर्बो डिझेल पाच माणसं घेऊन मांजरसुंबा आरामात चढायला पाहिजे, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की आधी चढायची. इंटरकूलरचा पाइप क्लिपपाशी बारीक फाटलेला असणं, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोक होणं, डीपीएफ अर्धा भरलेला असणं, यातलं काहीही असू शकतं. जालना-संभाजीनगर रोज ये-जा असेल तर डीपीएफचा संशय कमी, हायवेवर तो तापून साफ होत राहतो, पण गावातल्या गावात चालत असेल तर आधी तेच बघा. यातलं जे काही निघेल ते वॉरंटीत बसायची बरीच शक्यता आहे, आणि चिप लावलीत तर तीच वॉरंटी जाईल.

ज्या ओबीडी पोर्टमधे तो डबी घुसवायला सांगतो त्याच पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर घ्या, हजाराच्या आसपास मिळतो, मोबाइलवर ॲप टाकलं की बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचं प्रेशर), रेल प्रेशर, हवेचं तापमान सगळं चालू गाडीत दिसतं. काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवला तर गाडी उभी असताना बॅटरी खातो. ॲव्हरेज पण डॅशबोर्डवरचं धरू नका, एकाच पंपावर टाकी फुल टू फुल करून तीन-चार टाक्यांचं काढा. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल आणि तिचं पण ॲव्हरेज पडलं असेल तर तिथं चिपचा विचार सुद्धा करू नका, ई२० मधल्या इथेनॉलला पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी ऊर्जा असते, ती कुठलीही चिप भरून देत नाही.

स्कॅनर आला की दुसरं कुणीतरी शेजारी बसवून, मोबाइल त्यांच्या हातात देऊन, घाटात तिसऱ्या गिअरमधे २००० आरपीएमला पाय पूर्ण दाबल्यावर बूस्ट किती येतो आणि मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर यात फरक किती ते इथं टाका. एसी लावून एकदा, बंद करून एकदा. आकडे बघून सांगतो पाइप आधी बघायचा का डीपीएफ.