डोळ्यांना दिसते तशी दरी फोटोत का येत नाही?

प्रश्न : सप्टेंबरात चिखलदऱ्याला गेलो होतो. भीमकुंडाची दरी पाहून छाती दडपली, पण मोबाइलमध्ये सगळं पांढुरकं अन् सपाट आलं. काय चुकलं? (एक वाचक, अचलपूर तालुका)

उत्तर : बहुधा तुम्ही भर दुपारी पोचलात, आणि 0.5 च्या रुंद लेन्सने फोटो काढलेत. ती लेन्स पलीकडचा कडा पार लहान करून टाकते. झूम 2 किंवा 3 वर ठेवा. फोनला त्यासाठी वेगळी लेन्स असेल तर उत्तमच. बोटाने ताणून झूम केलं की दगडाचा चिखल होतो. पूर्ण दरी हवी असेल तर फोन उभा धरून पॅनोरमा घ्या.

आता उजेड. सातपुड्याचे हे कडे म्हणजे एकावर एक साचलेले बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, थर. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजतो, म्हणून पायऱ्या दिसतात. त्या फोटोत उठतात सावलीमुळेच. सूर्य डोक्यावर आला की सावली मेली, पायऱ्याही गेल्या. सूर्योदयानंतरचा किंवा मावळतीआधीचा तास धरा. पाऊस नुकताच उघडला असेल तर हवा धुतलेली असते. अशी संधी सोडू नका.

पांढुरकेपणाचं कारण बाष्प आणि जास्तीचं एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्याने गरजेपेक्षा जास्त उजेड घेणं. धुक्याच्या सर्वांत उजळ भागावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड लॉक झाले की स्क्रीनवरची उजेडाची खूण थोडी खाली ओढा. त्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा, पावसाळ्यात तर दर दहा मिनिटांनी. चौकटीत जवळचं एखादं झाड घ्या, नाहीतर खोली कळतच नाही. मात्र त्यासाठी कठड्यापलीकडे जाऊ नका, शेवाळलेला बेसाल्ट साबणासारखा निसरतो.